पाच भोकांचं बटण

४ सप्टेंबर, सोमवार

प्रिय भाऊजी,

तुमचं पाकीट पोचलं. आत एक पेनड्राइव्ह, एक छापील प्रमाणपत्र आणि तुमच्या अक्षरातल्या सहा ओळी. त्यांतल्या तीन ओळी ‘घाई आहे’ हे सांगण्यात खर्च झाल्या आहेत. हे काही मला नवीन नाही. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही अकरा वर्षांचे होतात आणि माझ्याशी बोललेलं तुमचं पहिलं वाक्य होतं, “वहिनी, बाजूला सर, माझा चेंडू गेलाय.” चेंडू अजून सापडलेला नाही, पण धावणं चालू आहे.

प्रमाणपत्र दोनदा वाचलं. “‘तळ गाठा’ या खेळात दिसणारे एकेचाळीसही जलचर मी स्वतःच्या हातांनी कापडातून शिवले असून त्यांत यंत्राने काढलेले एकही चित्र नाही.” खाली माझ्या सहीसाठी रेघ. हाताने केलेल्या खेळांचं प्रदर्शन आहे, ही त्याची पहिली अट आहे, कागद तीस तारखेच्या आत पोचला पाहिजे आणि तो गेला नाही तर तुमची चार वर्षं पाण्यात. (पाण्यातल्या खेळाबद्दल असं लिहिताना तुम्हाला हसू आलं नाही, यावरून तुम्ही किती काळजीत आहात ते कळलं.)

सही करायला माझी ना नाही. फक्त मोजणी जमत नाहीये. मी शिवलेल्यांची यादी माझ्या वहीत आहे. छत्रीच्या कापडाचा पाकट मासा. शाळेच्या फाटक्या पडद्याचा देवमासा. भांडी घासायच्या काथ्याचा तो काटेरी गोळा, ज्यानं माझी तीन बोटं सोलली. तोंडाला पँटची चेन लावलेला वाम मासा. असे करत करत सत्तावीस. सत्ताविसात चौदा मिळवल्याशिवाय एकेचाळीस होत नाहीत. मी संस्कृत शिकवते, पण एवढी बेरीज मला येते.

या चौदांबद्दल तुम्ही लिहिता : “तू कापून ठेवलेल्या तुकड्यांवरून ऑफिसातल्या मुलींनी शिवले, हात तुझाच धरायचा.” भाऊजी, हात धरण्याचा विधी माझ्या बाबतीत एकदा झालेला आहे आणि तो तुमच्या दादांशी.

तरी मुलींचं कौतुक वाटलं. काल सकाळी अकरा ते एक तुमच्या दादांचा फोटो स्टुडिओ बंद ठेवून मी तिथल्या कॉम्प्युटरवर खेळ खेळले. आपला मोजेराव तसाच आहे. दादांच्या जुन्या लोकरी मोज्याचा पाणबुड्या, डोक्यावर चष्म्याची एक काच, कमरेला लोकरीचा धागा. खाली जावं तसा वरचा गुंडा उलगडतो आणि गुंडा संपला की श्वास संपला. ही कल्पना तुमची होती. आपल्या जेवणाच्या टेबलावर तुम्ही ती सांगितलीत तेव्हा मी म्हटलं होतं, की हा मुलगा नापास झाला तरी चालेल. माशाला धडकलं की मोजेरावाची शिवण उसवते आणि कापूस बाहेर येतो, तेव्हा मला अजूनही चुटपुट लागते. मी सहा वेळा मेले.

सातव्यांदा मला तो नवा शार्क भेटला. राखाडी, जाड कापडाचा, पाठीवर धावदोरा. शिवण सुरेख आहे, पण टाके दोन्ही टोकांना कुठेही संपत नाहीत. कुणीतरी कधीतरी गाठ मारतंच की. आणि डोळ्याच्या जागी जे बटण आहे, त्याला पाच भोकं आहेत. मी खेळ थांबवून मोजली. मग दादांना बोलावून मोजायला लावली. त्यांनी बराच वेळ लावला.

जन्मात मी दोन भोकांची बटणं पाहिली, चार भोकांची पाहिली. पाच भोकांचं कुठल्या दुकानात मिळतं, ते त्या मुलींना विचारून कळवा. शक्य झालं तर एक पाकिटातून पाठवा. तोवर सही थांबली आहे.

अक्षर हललेलं दिसेल. टेबलाचा पाय डुगडुगतोय. आणि मी हल्ली काही शिवत नाही ते सहामाहीच्या पेपरांमुळे, दुसरं कारण नाही.

बटणाची वाट पाहणारी,
वहिनी


११ सप्टेंबर, सोमवार

प्रिय भाऊजी,

बटण मिळालं.

तुम्ही लिहिलंय, की ते परदेशी कारखान्याचं आहे आणि आता तिथेही मिळत नाही. खरंच मिळत नसावं. आपल्या कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानात मात्र त्याचं भावंड मिळतं, पावसाळी कोटाचं, काळं, चार भोकांचं. तुमच्या बटणाला या चारांच्या बरोबर मधोमध पाचवं भोक आहे आणि त्याच्या काठाला प्लॅस्टिकचा कीस अजून चिकटलेला आहे. नखानं काढला तर सुटला.

शार्कच्या डोळ्यातली पाच भोकं गोलात आहेत, भाऊजी. मध्ये काही नाही. खोटं करायचं तर निदान मूळ समोर ठेवून करावं. मी तुम्हाला निबंध घोकायला लावत असे तेव्हाही तुमचं हेच व्हायचं. शेवट चोख पाठ, मधला परिच्छेद स्वतःचा.

तुम्ही ऑफिसात बसून एका बटणाला भोक पाडत आहात, खाली लाकडाची फळी ठेवून, जीभ दातांत धरून, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. मला त्याचं हसू यायला हवं होतं. आलं नाही.

त्या मुलींची नावं कळवा. मी त्यांना स्वतः पत्र घालते.

वहिनी


१२ सप्टेंबर, मंगळवार

भाऊजी,

मुलींची नावं कळवायची तसदी घेऊ नका.

काल पत्र टाकून परत येताना बटण घेऊन मी स्टुडिओत गेले. एक गृहस्थ पासपोर्टच्या फोटोला बसले होते. मी बटण तुमच्या दादांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, “तुमच्या भावानं पाठवलंय.”

त्यांनी ते भिंगाखाली धरलं. “दीड मिलिमीटरचं ड्रिल आहे,” म्हणाले. नंतर त्या गृहस्थांना म्हणाले, “मान थोडी वर. हसू नका.” मग माझ्याकडे पाहिलं आणि लगेच परत गृहस्थांकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत मला हा माणूस पाठमोरासुद्धा वाचता येतो.

गृहस्थ गेल्यावर मी स्टुलावर बसले. निळा पडदा मागे होताच.

“आता माझा काढा,” मी म्हटलं. “आणि सांगा.”

“मी त्याला फोटो दिले.”

“कुठले?”

“सगळे. त्याचं म्हणणं होतं, मशीनला नुसती ओळख करून द्यायची. ते सुचवेल, वहिनी ठरवेल.”

“वहिनीला कधी सांगणार होतात?”

“तो सांगणार होता.”

“आणि तो म्हणाला असेल, दादा सांगेल.”

यावर त्यांनी लेन्सचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.

सगळे म्हणजे चार हजारांवर फोटो होतात, भाऊजी. तुम्ही टेबलापाशी फार वेळ कधी उभे राहिला नाहीत, म्हणून सांगते. काचेच्या तावदानाखाली निळा कागद. काचेवर मासा. वर कॅमेरा उलटा टांगलेला. मी सुईच्या टोकानं शेपूट केसभर सरकवायची, हात काढून घ्यायचा, श्वास धरायचा आणि दादांनी सवयीनं त्या माशाला सांगायचं, “हलू नका.” मग फोटो. असे बारा झाले की मासा एकदा पोहला. पाकटाच्या कडेला झालर लावली म्हणून त्याला एकशे चव्वेचाळीस फोटो लागले आणि तेवढ्या वेळात आमच्यात जितकं बोलणं झालं तितकं लग्नानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत झालं नव्हतं. ते बोलणं फोटोत येत नाही, हे खरं. पण ते देताना दादांना आठवायला हवं होतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला. “आणि माझ्या बोटांचं?”

“तेही सांगितलं,” म्हणाले.

तेव्हा आता तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. टेबलाचा पाय ठणठणीत आहे. जानेवारीपासून माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं सकाळी अडकतात, दाराच्या जुन्या कडीसारखी. गरम पाण्यात धरली की एक एक सुटतात. डॉक्टर म्हणाले, सुई सोडा. खडू चालेल, सुई नको. मी हे एकाच माणसाला सांगितलं होतं आणि त्याच्याकडून वचन घेतलं होतं, की ‘त्याला’ कळता कामा नये. तो म्हणजे तुम्ही. तुम्ही काळजी कराल म्हणून नाही, एवढी मी थोर नाही. तुम्ही माझ्यावाचून चालवायला शिकाल, या भीतीनं.

तुम्ही किती चटकन शिकलात.

वहिनी


१९ सप्टेंबर, मंगळवार

भाऊजी,

रविवारच्या फोनवर मी तुम्हाला अरे-तुरे केलं. तुम्ही ऑफिस काढलंत त्या दिवसापासून मी आवर्जून ‘अहो’ म्हणत आले आणि तुम्ही दर वेळी लाजत आलात. रविवारी सुटलं. पत्रात परत तुम्हीच. अंतर ठेवून लिहिलं की शब्द बरे सापडतात.

फोनवर काय झालं ते मी इथे लिहून ठेवतेय. तुमच्या दादांना विचारलं तर ते म्हणतील, दोघांचं थोडं वाजलं.

तुम्ही म्हणालात, “वहिनी, तुझ्यासाठीच केलं गं. तुझी बोटं गेली असती.”

मी म्हटलं, “मग विचारायचं होतंस.”

“विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणजे उत्तर तुला माहीत होतं.”

मागे ऑफिसात कुणीतरी खुर्ची सरकवली, ती मला ऐकू आली.

मग मी तुम्हाला घुणाक्षरन्याय सांगितला. लाकूड पोखरता पोखरता किड्याकडून चुकून एखादं अक्षर उमटतं, म्हणून किड्याला लिहिता येतं असं कुणी म्हणत नाही. तुम्ही म्हणालात, “चुकून एकदा, वहिनी. चौदा वेळा चुकून होत नाही.” हे बरोबर आहे. हा न्याय मी वीस वर्षं वर्गात शिकवतेय आणि कुणा पोरानं हे मला विचारलं नव्हतं. तुम्हाला पूर्ण गुण.

आणि तुम्ही विचारायच्या आत दुसरं एक कबूल करते. तो शार्क माझ्या देवमाशापेक्षा चांगला पोहतो. मी शनिवारी शाळेतून आल्यावर पुन्हा खेळ लावला आणि दोघांना शेजारी शेजारी पाहिलं. माझा देवमासा वळताना अडखळतो, कारण सातव्या आणि आठव्या फोटोच्या मध्ये दाराची घंटा वाजली होती. शार्क कुठेच अडखळत नाही. त्याच्या दाराला घंटाच नाही. ते पाहून मी रडले नाही. बोटं गरम पाण्यात धरायला स्वयंपाकघरात गेले आणि पाणी तापवायचं विसरून तशीच उभी राहिले.

हे सगळं मी सोसलं असतं. घरचं माणूस, घाई, प्रदर्शन, माझी बोटं. माझ्या मनात तुमच्या बाजूचे वकील नेहमी जास्त असतात. सहीबद्दल मी म्हटलं, “अरे, एक शाळामास्तरीण बटण ओळखते, तर तिथले परीक्षक काय आंधळे आहेत?”

आणि तुम्ही म्हणालात, “नाही कळणार, वहिनी. आम्ही भोकं चार केली. टाक्यांना गाठी पण दिल्या. तू लिहिलंस ते सगळं दुरुस्त केलं.”

तुमच्या आवाजात तेव्हा आनंद होता. मी ओळखते तो. वही तपासून परत दिली, तुम्ही चुका सुधारून आणल्यात आणि आता शाबासकी हवी.

भाऊजी, ते पत्र मी थट्टेत लिहिलं होतं. मला वाटत होतं, की मी तुम्हाला कोपऱ्यात गाठलंय आणि तुम्ही कान धरून खरं सांगाल. तुम्ही त्याची यादी केलीत. पहिला मुद्दा भोकं, दुसरा मुद्दा गाठी. यंत्राला माझा हात दादांनी दिला आणि माझे डोळे मीच पाठवले, पोस्टाचं तिकीट लावून. आता त्या चौदांकडे पाहून ते खोटे आहेत हे जगात कुणालाही सांगता येणार नाही. मलाही नाही. मी काल पाहिले तुम्ही पाठवलेले नवे. गाठी माझ्यासारख्याच आहेत, डावीकडे कललेल्या. क्षणभर मला वाटलं, हा मी शिवला असेन आणि विसरले असेन.

तेव्हा आता पुरावा एकच उरला आहे, माझा शब्द. आणि तुम्हाला नेमकी त्याच्यावरच सही हवी आहे.

शेवटी तुम्ही म्हणालात, की प्रदर्शनाच्या भिंतीवर माझं नाव तुमच्या नावाच्या वर लावाल, मोठ्या अक्षरात. मी फोन ठेवला तो रागानं नाही. मोह झाला म्हणून ठेवला.

वहिनी


२७ सप्टेंबर, बुधवार

भाऊजी,

तुम्ही परवा स्वतः आलात, दादांशी स्टुडिओत तासभर बोललात आणि घरी न येता गेलात, हे मला इस्त्रीवाल्याकडून कळलं. तो म्हणाला, “साहेब वाळलेत हो.” तुम्ही जेवत नाही आहात असं दिसतं. जेवत जा. भांडणाला अंगात ताकद लागते.

तुमच्या दादांनी तुमचा निरोप दिला. सही नसेल तर कागद कोराच पाठव, सही मी बघतो, असं तुम्ही म्हणालात म्हणे. निरोप सांगताना ते भिंतीकडे पाहत होते. सांगून झाल्यावर म्हणाले, “मी त्याला हो म्हटलेलं नाही.” पंधरा दिवसांत आमच्यात झालेलं हे सगळ्यात लांब बोलणं.

मी म्हटलं, “नाही म्हटलंत का?”

“नाही.”

“नाही म्हटलंत की नाही म्हटलं नाहीत?”

“नाही म्हटलं नाही.” मग टोपी खुंटीवरून काढली, परत खुंटीला लावली आणि म्हणाले, “जातो. आता ‘नाही’ म्हणून येतो.” कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी तुम्हाला फोन केला असेल. घरून केला नाही, मी ऐकेन म्हणून. तुम्हाला ते काय बोलले मला ठाऊक नाही आणि मी विचारणार नाही. पण परत आले तेव्हा त्यांनी काचेचं तावदान माळ्यावरून खाली काढलं आणि पुसलं. त्यावर ठेवायला काही नाही, हे आम्हा दोघांना माहीत आहे. तरी पुसलं.

तुमचं छापील प्रमाणपत्र मी वापरलेलं नाही. दुसरं लिहिलं. स्वतःच्या हातानं लिहिलं, त्याला दोन दिवस लागले, कारण बोटांनी सोमवारी संप केला होता. ते काल दुपारी प्रदर्शनाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं गेलं. पत्ता तुमच्या छापील कागदाच्या तळाशी होताच. पोस्टातल्या बाईनं पावती फाडली तेव्हा, तुम्हाला सांगते, मला पाकीट परत मागावंसं वाटलं होतं. माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झाले.

त्याची नक्कल ही अशी :

“‘तळ गाठा’ या खेळातले सत्तावीस जलचर आणि मोजेराव नावाचा पाणबुड्या मी हातानं शिवले. त्यांची यादी व प्रत्येकाला लागलेलं कापड सोबत जोडलं आहे. उरलेले चौदा जलचर यंत्रानं माझ्या कामाच्या फोटोंवरून काढले आहेत. ते माझ्या परवानगीशिवाय झाले. ते ओळखू येणार नाहीत इतके चांगले आहेत, कारण त्यांतल्या चुका मी दाखवून दिल्या होत्या. लोकरीच्या धाग्याचा श्वास ही कल्पना माझ्या दिराची आहे, ती कुठल्याही यंत्राची नाही आणि खेळात तीच सर्वांत सुंदर आहे.”

शेवटचं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. खरं सांगायचंच तर अर्धं कशाला, म्हणून लिहिलं.

याचा परिणाम काय होईल ते मला समजतं. पहिल्या अटीतच तुम्ही बाद व्हाल. चार वर्षांपूर्वी तुम्ही नोकरी सोडून आमच्या टेबलाशी येऊन बसलात आणि म्हणालात, “वहिनी, एक खेळ करायचाय, तू मासे करशील?” तेव्हा तुमच्यावर विश्वास ठेवणारं घरात एकच माणूस होतं. ते माणूस आज तुम्हाला बाद करतंय. तुम्ही मला न विचारता केलंत, मीही तुम्हाला न विचारता केलं. आता आपण एका पायरीवर आलो आणि ही पायरी मला मुळीच आवडलेली नाही.

एक काम करा. माझे सत्तावीस आणि मोजेराव तुमच्या ऑफिसात काचेच्या कपाटात लावलेले आहेत. ते उतरवून परत पाठवा. पाकट घडी घालून ठेवू नका, त्याच्या काड्या मोडतात. काथ्याच्या गोळ्याला कागद गुंडाळा. देवमाशाला मोठी पेटी लागेल, ती दादा घेऊन येतील, गुरुवारी दुपारी, स्टुडिओ बंद ठेवून.

चौदा तुमच्याकडेच राहू देत. त्यांना पेटी लागत नाही.

वहिनी